कोणी कोणाचं मूळ सांगू नये

त्या दिवशी कंपनीच्या टेस्ट लॅबमधलं यंत्र दुपारीच बंद पडलं. ब्रेकचं टेस्टिंग थांबलं, म्हणून मी चारलाच निघाले आणि बाबांना घ्यायला मिशिगनमधल्या आमच्या नोव्हाय गावच्या लायब्ररीत गेले. एरवी मी साडेपाचला पोचायचे, तेव्हा ते दाराबाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेले असायचे. आज बाक रिकामा होता. आत शोधत गेले तर खिडकीजवळच्या टेबलाशी दिसले. समोर एक उंच, कृष्णवर्णीय म्हातारे गृहस्थ, जून महिन्यातही लोकरीचं जाकीट घातलेले. दोघांच्या मध्ये काडेपेटीपेक्षा थोडं मोठं रेकॉर्डर आणि त्याचा लाल दिवा चालू.

बाबा हात हलवत बोलत होते. मला पाहिलं आणि थांबले. त्या गृहस्थांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं, बोट पुढे केलं आणि दिवा बंद केला.

मला ते थांबणं अजिबात आवडलं नाही.

गाडीत बसल्यावर विचारलं, "काय चाललं होतं?"

"काही नाही वं. तो विचारते, मी सांगतो."

"काय विचारतो?"

"माणूस म्हंजे काय, म्हणते." बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मले पंच्याहत्तर वर्षांत कोणी इचारलं नव्हतं."

आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदाच सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. नागपूरला आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, शेवटी हेडमास्तर झाले. घरी नागपुरी आणि बाहेर खडूसारखं कोरडं, स्वच्छ इंग्रजी. नवरा सोमवार ते गुरुवार शिकागोजवळ शॉमबर्गच्या ऑफिसात असतो, मुलगी शिकायला दुसऱ्या राज्यात. म्हणून मी सकाळी बाबांना डब्यासकट लायब्ररीत सोडायचे. मे महिन्यापासून हे चालू होतं. म्हणजे कोण जाणे किती दिवस तो लाल दिवाही चालू असणार.

ऑफिसात दर वर्षी आम्हाला फसवणुकीवर एक ट्रेनिंग करावं लागतं. वृद्धांना एकटं गाठतात, गोड बोलतात, आवाज रेकॉर्ड करतात. ती सगळी स्लाइड माझ्या डोळ्यांपुढे आली. पण खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहायला हवं: समोर गोरा म्हातारा असता तर ती स्लाइड मला आठवली असती का, सांगता येत नाही. अंगावर ज्या गोष्टी झेलल्या त्याच आपण दुसऱ्याकडे किती सहज वळवतो.

बाबांकडून नाव घेऊन मी फोनवर शोध घेतला. गृहस्थ खरे निघाले. मूळचे घानाचे, डेट्रॉइटच्या एका कॉलेजात तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले. फसवणुकीची भीती गेली. संशय मात्र गेला नाही, उलट वाढला. कारण प्रोफेसर असेल तर तो ऐकलेलं छापणार.

इथे माझी भीती काय होती ते सांगून टाकते. माझ्या नवऱ्याचं आडनाव 'कर'वर संपतं. त्यातून एका गावाचं नाव कळतं, बाकी काही कळत नाही. बावीस वर्षं मी त्या आडनावाच्या आत राहिले आहे. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कोणी नव्या काकू विचारतात, "तुमचं माहेर कुठलं?" मी म्हणते, नागपूर. "नागपुरात कुठे?" मी एरियाचं नाव बदलून सांगते. "आणि माहेरचं आडनाव?" तेवढ्यात मला किचनमध्ये काहीतरी बघायला जायचं असतं. आमच्या घरी गौतम बुद्धाची मूर्ती हॉलमध्ये आहे, पण ती इथे सगळ्यांच्याच हॉलमध्ये असते, डेकोरेशन म्हणून. त्यामुळे तिच्यावरून कोणाला काही कळत नाही. इथे कोणी मला कधी काही बोललं नाही. बोलू नये म्हणून मी बावीस वर्षं जे जे केलं, ते करताना मी किती दमते हे मला बाबा येईपर्यंत कळलंही नव्हतं.

आणि आता एक माणूस माझ्या बाबांना रोज दोन तास विचारत होता: तुम्ही कुठले? तुमचे लोक कोण?

मी त्यांना शनिवारी चहाला बोलावलं. बाबा खूश झाले. त्यांना वाटलं मी पाहुणचार करते आहे.

प्रोफेसर आले, केळ्याच्या तळलेल्या कापांचं पाकीट घेऊन. बूट दाराशी काढले, न सांगता. मी कांदेपोहे दिले आणि ते पहिला घास घेतात न घेतात तोच विचारलं, "तुम्हाला माझ्या वडिलांकडून नक्की काय हवंय?"

"वं बाई," बाबा म्हणाले, "खाऊ तं दे त्याले."

प्रोफेसर हसले नाहीत. बशी खाली ठेवली आणि नीट उत्तर दिलं. त्यांच्या लहानपणी, ते म्हणाले, आफ्रिकेविषयीची पुस्तकं परदेशी लोक लिहायचे. त्यात असायचं की तिथे एकट्या माणसाला वेगळा विचार नसतो, अख्खी जमात एकच विचार करते. मग त्यांच्याच खंडातली शिकलेली माणसं पुढे आली आणि अभिमानानं म्हणाली, हो, आमचं तत्त्वज्ञान आमच्या म्हणींत आहे, चालीरीतींत आहे, ते सगळ्यांचं मिळून आहे. "ऐकायला छान. पण गोष्ट तीच राहिली. एकटा माणूस गायबच." त्यांच्या पिढीतल्या काहींना ते पटलं नाही. ते टेपरेकॉर्डर घेऊन खेड्यापाड्यांत गेले. ज्यांना म्हणी पाठ आहेत अशी म्हातारी माणसं खूप मिळायची. त्यांना हवी होती म्हण सांगून झाल्यावर 'पण' म्हणणारी.

"आमच्याकडे म्हणतात, माणूस काही ताडाचं झाड नव्हे, की एकट्यानं स्वतःला पुरावं. शंभर जण मान डोलावतात. एखादी आजीबाई म्हणते, मी तीन वर्षं एकटी राहिले, मला पुरलं. मला ती आजीबाई हवी असते." त्यांनी बाबांकडे बोट केलं. "हे त्यातले आहेत."

मला आमच्या ऑफिसच्या कॅफेटेरियातलं पोस्टर आठवलं. मागच्या वर्षी आमचे दोन विभाग एकत्र केले, त्यानंतर ते लागलं. उगवता सूर्य, एकमेकांच्या हातात हात आणि वर मोठ्या अक्षरात 'उबुंटू', खाली 'मी आहे, कारण आपण आहोत'. एका कन्सल्टंटनं त्यावर अर्धा दिवस वर्कशॉपही घेतलं होतं. मी ते सांगितलं, जरा टोमणा मारल्यासारखंच.

प्रोफेसरांनी चष्मा काढून पुसला. "तो शब्द माझ्या गावचा नाही. दक्षिणेकडचा आहे. त्यांच्या आणि आमच्या मध्ये युरोप मावेल एवढी जमीन आहे, पण पोस्टरवाल्याला आफ्रिका म्हणजे एकच गाव वाटतं. शब्द चांगला आहे. तो ज्यांनी जगून दाखवला ती माणसंही मी पाहिली आहेत. पण साहेब लोक हा शब्द भिंतीवर लावतात तेव्हा मी आधी बघतो, वर्कशॉपनंतर किती जणांना नारळ मिळाला."

बाबा मोठ्यानं हसले. मला हसू आलं होतं, मी दाबलं. हा माणूस माझ्याइतकाच संशयी आहे हे कळल्यावर तो आवडायला लागेल, अशी मला भीती वाटली.

"आणि रेकॉर्डिंगचं काय करणार?"

"कॉलेजच्या संग्रहात ठेवणार. तुमच्या वडिलांनी फॉर्मवर सही केली आहे."

"नाव वगळता येईल का?"

त्यांनी बशी बाजूला सारली. "पूर्वीच्या पुस्तकांत लिहायचे, 'जमातीतला एक वृद्ध सांगतो.' ज्यानं विचार केला त्याचं नाव नाही. आमचं सगळं भांडण त्याच्यासाठीच होतं. विचार करणाऱ्याला नाव असतं. ते मी पुसायचं?"

मी उठून चहा गरम करायला गेले.

ते गेल्यावर मी बाबांवर ओरडले. सही करण्याआधी मला का नाही विचारलं? बाबा शांतपणे केळ्याचे काप खात होते. "तुले काहून विचारू? मी काही शाळकरी पोरगा हाय?" मग खोलीत गेले आणि एक पेनड्राइव्ह आणून माझ्या हातात ठेवला. "त्यानं मले कॉपी देली. ऐक आधी. मंग भांड."

मी सोमवारी लंचमध्ये पार्किंगात गाडीत बसून ऐकलं. पहिली वीस मिनिटं मला वाटलं होतं तेच. विदर्भातलं ते गाव, गावाबाहेरची वस्ती, पाटलाच्या विहिरीवर वरून ओंजळीत ओतलं जाणारं पाणी. आजोबांनी धम्म घेतला तो दिवस. मला हे ठाऊक होतं, तरी इंग्रजीत ऐकताना ते नवीन वाटलं. मराठीत बाबांनी ते नेहमी दोन वाक्यांत उरकलं होतं.

मग प्रोफेसरांचा आवाज. त्यांच्या भागात पूर्वी सरदाराच्या सभेत मतदान नसायचं. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहायचे, दोन दोन दिवस. हरलेली बाजू म्हणून कोणी उरायचं नाही. आजचे काही विचारवंत म्हणतात, पक्षांच्या भांडणापेक्षा हे बरं. तुम्हाला काय वाटतं?

बाबा म्हणाले, "आमच्या गावातही एकमत होतं. कोणाचाच विरोध नव्हता. आम्हाला कोणी विचारलंच नव्हतं."

पुढे ते म्हणाले, माझ्या भाषेत 'वुई'ला दोन शब्द आहेत. एक आपण, त्यात ऐकणारा असतो. एक आम्ही, त्यात तो नसतो. ती 'आय ॲम बिकॉज वुई आर' म्हण माझ्या भाषेत आणायची तर मला आधी विचारावं लागेल, यातला कुठला? माणूस माणसांमुळे माणूस होतो, हे मला मान्य आहे. म्हणून तर ज्यांच्या हातात दुसऱ्याला माणूस करणं असतं त्यांनी नाही म्हटलं, की माणूस लटकतो. मग त्यानं कोणाकडे जायचं?

टेपवर कोणीतरी पान उलटल्याचा आवाज. मग बाबांनी शिक्षकी आवाजात उलटा प्रश्न केला, "तुमच्या गावात बाहेर कोण राहायचं?"

इतका वेळ काहीच ऐकू आलं नाही, की मला वाटलं फाइल संपली.

प्रोफेसर म्हणाले, "हे आमच्याकडे विचारत नाहीत. आमचा एक जुना कायदा आहे. कोणी कोणाचं मूळ सांगू नये. गावात काही घरं अशी होती, की ज्यांचे पूर्वज विकत आणलेले होते, गुलाम म्हणून. पुढे ती त्याच कुळात मिसळली. कोण मिसळलं हे चारचौघांत बोलायला बंदी. त्यांच्या नातवंडांना कोणी हिणवू नये, म्हणून."

"चांगला कायदा आहे."

"हो."

"पण बोलायला बंदी, विसरायला नाही. लग्नाच्या वेळी कळतं?"

"कळतं. वारसदार ठरवताना कळतं."

"आणि त्या नातवालाच बोलायचं असेल, तर कायदा काय म्हणतो?"

खट् असा आवाज आला. रेकॉर्डर बंद केला होता. पुढचं वाक्य दुसऱ्या दिवशीचं होतं, हवेविषयी.

शेवटच्या फाइलमध्ये मी होते. बाबा सांगत होते, "माझी मुलगी नवऱ्याच्या आडनावामागे राहते. तिला वाटतं मला माहीत नाही. मी तिला दोष देत नाही. पावसात छत्री धरणाऱ्याला कोणी भित्रा म्हणत नाही. पण तिचा हात दुखत असेल."

मी त्या दिवशी लंच केलं नाही.

घरी आल्यावर बाबांना विचारलं, "रेकॉर्डर बंद केल्यावर ते काय म्हणाले?"

"ते त्याचं हाय. सांगन तं तो सांगन."

"म्हणजे ते स्वतःच त्या घरांतले...?"

"मी काही म्हटलं का?" बाबांनी टीव्ही लावला.

मी पुढचे काही आठवडे प्रोफेसरांना भेटले की त्यांच्या चेहऱ्यात ती गोष्ट शोधायचे. ते तसेच, तेच जाकीट, तोच सावकाश आवाज. त्यांना ते कळत असणार. एकदा मला म्हणाले, "तुम्ही माझ्याकडे कस्टमवाल्यासारखं बघता." मी सॉरी म्हटलं. मंडळातल्या काकू माझ्याकडे कशा बघतात याची मला इतकी वर्षं चीड होती, आणि त्याच नजरेनं मी ह्यांची पेटी उघडत होते.

सप्टेंबरात लायब्ररीनं एक संध्याकाळ ठरवली. प्रोफेसर आपल्या कामाबद्दल बोलणार आणि ते ज्यांच्याशी बोलले त्यांतले दोघे तिघे ज्येष्ठ स्टेजवर असणार. फ्लायरवर बाबांचं पूर्ण नाव होतं, आडनावासकट. मला ते आधी कोणी सांगितलं नाही. मंडळातल्या एका काकूंचा फोन आला तेव्हा कळलं. या काकू इथे चाळीस वर्षं आहेत, दर दिवाळीला त्यांच्याकडे फराळ असतो.

"अगं, तुझ्या बाबांचं नाव बघितलं लायब्ररीत! कित्ती छान! आम्ही दोघं येतोय हं." मग जरा थांबून, "आडनाव वेगळंच आहे, नाही? म्हणजे तुझं माहेरचं हे होय?"

"हो," मी म्हणाले.

"असं, असं. बरं झालं कळलं."

त्या 'बरं झालं'चा मी चार दिवस कीस काढला. नवरा म्हणाला, "यार, लोक असंच बोलतात. तू सोड ना." त्याला सोडता येतं. मी बाबांना म्हटलं, जाऊ नका, तब्येतीचं कारण सांगू, कॅन्सल करू. बाबांनी शर्ट इस्त्री करायला दिला.

हॉलमध्ये तीसेक लोक होते. मी मागच्या रांगेत दाराजवळ बसले. काकू आणि काका पुढून दुसऱ्या रांगेत, काकूंनी चांगली साडी नेसलेली. प्रोफेसर थोडं बोलले. मग बाबा उभे राहिले आणि विहिरीचं सांगायला लागले. आम्हाला विहिरीला हात लावता येत नसे, कारण त्यानं पाणी... इथे ते अडले. "पोल्यूट," ते म्हणाले.

पुढे बसलेल्या एका गोऱ्या बाईंनी हात वर केला. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. पाणी खराब होतं का? आमच्या मिशिगनमध्येही पाण्याचं असं झालंय, कारखान्यांमुळे की पाइपांमुळे?

"नो, नो," बाबा म्हणाले. ते शब्द शोधत होते. "इट इज... विटाळ." आणि त्यांनी सभागृहाकडे बघितलं, कोणी तो शब्द उचलेल म्हणून. तिथे तो शब्द कळणारी मोजकीच माणसं होती. काकूंनी मान खाली घालून पर्स उघडली आणि तिच्यात काहीतरी शोधायला लागल्या. काका छताकडे बघत होते. पंच्याहत्तर वर्षांचा इंग्रजीचा मास्तर एका शब्दासाठी तिथे उभा होता.

मी उठले. माझा आवाज मला फार मोठा वाटला. मी इंग्रजीत म्हणाले, पाणी स्वच्छ होतं. आमचा हात लागला की ते घाण झालं असं गाव मानायचं. कुत्रा प्यायला तर चालायचं. विटाळ म्हणजे ते. मग कोणीतरी विचारलं, तुम्ही कोण? मी म्हणाले, मी यांची मुलगी आहे.

बाबांनी "थँक यू" म्हटलं, वर्गात बरोबर उत्तर देणाऱ्या मुलीला म्हणावं तसं, आणि पुढे बोलायला लागले. मला बसताना खुर्ची सापडेना.

कार्यक्रम संपल्यावर काकू मुद्दाम माझ्यापर्यंत आल्या. माझा हात धरला. "फार छान बोलले गं बाबा. आपल्यात हे असं काही बोलतच नाही ना कोणी." मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. ओले होते. 'आपल्यात' म्हणाल्या, हेही मी टिपलं. मला रडू यायला हवं होतं. मी मात्र विचार करत होते, की काकू गाडीत बसल्यावर काकांना काय म्हणतील.

प्रोफेसर खुर्च्या आवरायला मदत करत होते. मी जवळ गेले तेव्हा म्हणाले, "तुम्ही वडिलांच्या बाजूनं बोललात. मला माझ्या वडिलांच्या आईच्या बाजूनं बोलायचं आहे, अजून जमलं नाही." एवढंच. मी पुढे विचारलं नाही. त्यांनीही आणखी काही सांगितलं नाही, आणि त्यांनी जे सांगितलं तेही इथे लिहायची परवानगी मी त्यांच्याकडून मागून घेतली आहे.

ऑक्टोबरच्या शेवटी बाबा परत गेले. दिवाळीला काकूंचं फराळाचं बोलावणं आलं, नेहमीसारखं. निदान मला तरी ते नेहमीसारखं वाटावं असं आलं. मी चकल्या केल्या. दर वर्षी मी दुकानातली शंकरपाळी नेते. या वेळी मुद्दाम हातच्या नेल्या. टेबलावर डबा ठेवला आणि समोरच्या सोफ्यावर बसून बघत राहिले. कोण घेतं, कोण लाडवाकडे वळतं. एका बाईंनी चकली हातात घेतली आणि फोन आला म्हणून तशीच बशीत ठेवली. त्या परत आल्या, तेव्हा बशी कोणी उचलून नेली होती. काकूंनी तीन खाल्ल्या, मला दाखवून खाल्ल्या असं वाटलं. घरी निघताना डबा रिकामा होता. गाडीत नवरा म्हणाला, "बघ, सगळ्या संपल्या." मी म्हणाले, "खाल्ल्याच असतील कशावरून?" त्यानं रेडिओ लावला.

दुसऱ्या दिवशी बाबांना फोनवर सगळं सांगितलं. वाटलं, ते समजावतील, लोक बदलतात म्हणतील. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुह्या आज्यालेही असंच व्हायचं," ते म्हणाले. "कोणी हासून पाणी देलं, तं तो आधी पेल्याच्या अंदर पाह्यचा. मंग प्यायचा."

"पण प्यायचे?"

"तहान लागे तं प्यायचा ना."

पुढच्या महिन्यात मंडळाची मीटिंग आहे. सदस्यत्वाच्या फॉर्मवर या वर्षीपासून माहेरच्या आडनावाचीही जागा आहे, वंशावळीच्या कसल्याशा उपक्रमासाठी. कोणाच्या डोक्यातून हे निघालं, याचा मी तपास करते आहे. जागा मी भरली आहे.